वनस्पती तेलात पॉलिमर बनवायचं म्हणजे : मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी रबाळे एमआयडीसीत प्रोसेस केमिस्ट आहे, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लाइनने रोज येतो-जातो, आणि हे प्रश्न मला ट्रेनमधे, टपरीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, कुठेही येतात. नवीन जॉइन झालेली पोरं विचारतात, ईटीपीवाले (सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे) विचारतात, कधी परचेसवाले पण विचारतात. प्रश्न सगळे एकाच मालाचे : पॉलीअ‍ॅक्रिलामाइड, म्हणजे सांडपाण्याचा गाळ काढायला वगैरे लागणारं पाण्यात विरघळणारं पॉलिमर, आणि ते मिनरल तेलाऐवजी वनस्पती तेलात बनवणं. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. क्रम वगैरे फार लावलेला नाहीये, जसं आठवलं तसं.

पाण्यात विरघळणारं पॉलिमर तेलात कशाला बनवायचं? पाण्यातच बनवा ना.

बनवून बघा. ३० टक्के अ‍ॅक्रिलामाइडचं पाणी घेऊन त्यात इनिशिएटर (साखळी सुरू करणारं रसायन) टाकलात की थोड्या वेळात रिअ‍ॅक्टरमधे रबराचा ठोकळा तयार होतो, ढवळणी अडकते, आतली उष्णता बाहेर येत नाही, आणि मग तो ठोकळा काढायला माणसं आत उतरवायची वेळ येते. म्हणून आपण काय करतो, मोनोमरचं (म्हणजे ज्या लहान रेणूंची साखळी जोडून पॉलिमर बनतं त्यांचं) पाणी तेलात बारीक थेंबांच्या रूपात पसरवतो, थेंब साधारण एक मायक्रॉनचा, आणि पॉलिमर त्या थेंबाच्या आतल्या आत होतं. थेंब आतून कितीही घट्ट झाला तरी बाहेर तेल आहे, त्यामुळे सगळा माल पातळ दह्यासारखा वाहता राहतो आणि पंपाने उचलता येतो.

रंगाच्या कारखान्यात जे इमल्शन असतं त्याच्या हे बरोब्बर उलटं आहे. दूध म्हणजे पाण्यात तेल, लोणी म्हणजे तेलात पाणी, आपलं हे लोण्याच्या जातीचं. म्हणून याला इनव्हर्स इमल्शन म्हणतात. १९६२ साली व्हँडरहॉफ आणि त्याच्या डाऊ कंपनीतल्या सहकाऱ्यांनी यावर पेपर लिहिला, तिथून हे नाव रूढ झालं.

मग तेल बदलायचं खूळ कुठून आलं? मिनरल तेलाने काय वाईट केलं?

काम म्हणाल तर काहीच वाईट केलं नाही, उलट छान करतं. आयसोपॅराफिन किंवा हलकं मिनरल तेल अगदी गरीब, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, रिअ‍ॅक्शनमधे भाग घेत नाही. पण तयार मालात २५ ते ३० टक्के तेच असतं, आणि ते शेवटी जातं कुठे तर वापरणाऱ्याच्या पाण्यात, गाळात, शेतात, नाहीतर क्रीममधून तोंडावर. ते पेट्रोलियमचं आहे, पाण्यात लवकर विघटन होत नाही. शिवाय हलक्या ग्रेडचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) ६० ते १०० डिग्रीच्या आसपास असतो, वनस्पती तेलाचा ३०० च्या वर. टीटीसीत (ठाणे खाडीकाठच्या आमच्या औद्योगिक पट्ट्यात) ज्याने एकदा जरी सॉल्व्हंटची आग बघितलीय त्याला हा फरक समजवावा लागत नाही.

आणि हो, एक्स्पोर्टचा ग्राहक विचारतो. हे पण खरं कारण आहे, लाजायचं काय त्यात.

दादा, कुठलं तेल घ्यायचं ते सरळ सांगा.

सरळ उत्तर : ज्यात डबल बॉन्ड कमी आणि जे थंडीत थिजत नाही असं. आता गंमत अशी आहे की या दोन अटी एकमेकींच्या सवती आहेत. डबल बॉन्ड कमी झाले की तेल थिजायला लागतं, पातळ राहायला हवं तर डबल बॉन्ड हवेतच.

डबल बॉन्ड मोजायचं माप म्हणजे आयोडिन व्हॅल्यू. खोबरेलाची ७ ते १० च्या आसपास, पामची पन्नासच्या आसपास, शेंगदाण्याची ८५ ते ९९, राइस ब्रानची साधारण ९० ते १०५, सोयाबीन १२० च्या पुढे, करडई तर १४० च्या घरात, जवस १७० च्याही वर. आकडा जितका मोठा तितका पॉलिमरला त्रास जास्त, कारण डबल बॉन्डच्या शेजारचा हायड्रोजन सैल असतो, वाढत्या साखळीचा रॅडिकल (तिचं जिवंत टोक) तो पटकन उचलतो आणि साखळी तिथेच थांबते. दोन डबल बॉन्डच्या मधला हायड्रोजन तर त्याहून सैल, म्हणून लिनोलेइक अ‍ॅसिडवाली तेलं जास्त छळतात आणि ओलेइकवाली कमी.

म्हणून तडजोड म्हणजे हाय-ओलेइक तेल. हाय-ओलेइक सूर्यफूल मिळतं, करडईच्या पण हाय-ओलेइक जाती आहेत, आणि करडई म्हणजे आपल्या मराठवाडा-सोलापूरकडचं पीक, त्यामुळे मला मनातून तीच आवडते, पण सगळे लॉट सारखे असतील अशी आशा ठेवू नका, प्रत्येक लॉटची आयोडिन व्हॅल्यू आणि परॉक्साइड व्हॅल्यू (खवटपणाचं माप) बघितल्याशिवाय ड्रम उघडायचा नाही.

दुसरा रस्ता म्हणजे तेल जसंच्या तसं न घेता त्याचं एस्टर घ्यायचं. मिथाइल ओलिएट, किंवा खोबरेल-पामच्या फॅटी अ‍ॅसिडपासून बनवलेलं एथिलहेक्झाइल एस्टर. हे पातळ असतात, हा फार मोठा फायदा आहे. साधं वनस्पती तेल ४० डिग्रीला पस्तीस-चाळीस सेंटीस्टोक (जाडपणाचं माप), मिथाइल एस्टर चार-पाच. म्हणजे आठ-नऊ पट फरक. ज्याला जाड इमल्शनमधली उष्णता जॅकेटमधून बाहेर काढायचीय त्याला विचारा हे केवढं मोठं सुख आहे. तोटा असा की मिथाइल एस्टर काही रबरांना फुगवतं, साध्या रबराचे होज आणि गॅस्केट काही महिन्यांत मऊ पडतात, तिथे व्हायटॉन (न फुगणारं महागडं रबर) टाकावं लागतं, आणि मेंटेनन्सवाला हे बजेटमधे कधीच धरत नाही.

खोबरेल चालेल का? त्यात डबल बॉन्ड जवळजवळ नाहीतच.

रिअ‍ॅक्शनला उत्तम. पण ते २४-२५ डिग्रीला थिजतं. डिसेंबरात पहाटे बाथरूममधली बाटली बघा, तसाच तुमचा ड्रम होईल. आणि माल उत्तरेत पाठवलात तर बघायलाच नको.

आणि एरंडेल? गुजरातेत ढिगाने पिकतं, शेजारीच आहे.

नाही. एरंडेलात ८५-९० टक्के रिसिनोलेइक अ‍ॅसिड, त्याला एक हायड्रॉक्सिल गट जास्तीचा, त्यामुळे तेल प्रचंड जाड आणि पाण्याशी जरा जास्तच सलगी करणारं. बाहेरचं तेल म्हणून बेकार. पण त्याच एरंडेलाला हायड्रोजन देऊन १२-हायड्रॉक्सीस्टीअरिक अ‍ॅसिड बनतं, आणि त्यापासून जे पॉलिमरिक इमल्सीफायर (तेल-पाण्याचं मिश्रण टिकवणारी रसायनं) बनतात ते या कामातले एक नंबर आहेत. म्हणजे एरंडेल रिअ‍ॅक्टरमधे यायचं, पण मागच्या दाराने.

एपीएमसीतून रिफाइंड सूर्यफुलाचे डबे आणून ट्रायल घेतली तर?

हे मी केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या नोकरीत, ५० लिटरच्या पायलट रिअ‍ॅक्टरवर, तेल संपलं होतं आणि ट्रायल तर त्याच दिवशी घ्यायची होती, म्हणून वाशीच्या मार्केटमधून १५ लिटरचे डबे आणले. एआयबीएन (तेलात विरघळणारा इनिशिएटर) तेलात टाकलं, रिअ‍ॅक्शन अडवणारा ऑक्सिजन हाकलायला नायट्रोजन मारला, ६० डिग्रीला नेलं आणि वाट बघत बसलो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, टेम्परेचर हलायला तयार नाही. मला वाटलं नायट्रोजन कमी पडला, अजून मारला. तरी नाही. मग मी शहाणपणा केला आणि अजून एआयबीएन टाकलं. दहा मिनिटांनी जे टेम्परेचर चढायला लागलं ते थांबेचना, चिलर पूर्ण उघडा, तरी नव्वदच्या पुढे गेलं, आणि इमल्शन फुटून आत एकच गोळा. तो काढायला दोन दिवस लागले आणि ऑपरेटर मामांनी पुढे महिनाभर माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

झालं काय होतं, तर खायच्या तेलात मुळातच टोकोफेरॉल असतं, आणि बऱ्याच रिफाइंड तेलांत वरून टीबीएचक्यू घातलेलं असतं, डब्यावर बारीक अक्षरात अँटिऑक्सिडंट म्हणून लिहिलेलंही असतं. त्यांचं कामच रॅडिकल पकडणं. तेल खवट होऊ नये म्हणून पकडतात, तसेच आपल्या इनिशिएटरचे पण पकडतात. ते संपेपर्यंत काही होत नाही आणि ते संपले की आधीचं आणि नंतरचं सगळं इनिशिएटर एकदम उधळतं. त्यामुळे दोन गोष्टी लक्षात ठेवा : अँटिऑक्सिडंट न घातलेलं तेल मागवा, आणि बॅच उशिरा चालू होतेय म्हणून वरून इनिशिएटर कधीही टाकू नका. गार करा, सॅम्पल काढा, चहा प्या.

म्हणजे इनिशिएटर पाण्यात विरघळणारा घ्यायचा का?

वनस्पती तेलात मी तरी तोच घेतो. एआयबीएन तेलात असतं, त्याचे रॅडिकल तेलात तयार होतात, आणि थेंबापर्यंत पोचता पोचता वाटेत तेलाचे सैल हायड्रोजन आणि अँटिऑक्सिडंट त्यांना लुटतात. उलट पर्सल्फेट-मेटाबायसल्फाइटची जोडी किंवा व्ही-५० थेंबाच्या आतच काम करते. जिथे मोनोमर तिथेच रॅडिकल, तेलाशी गाठ फक्त थेंबाच्या सीमेवर. तरी मॉलिक्युलर वेट (म्हणजे साखळीची लांबी) थोडं पडतंच, कारण सीमेवर बसलेल्या स्पॅन ८० या इमल्सीफायरमधे पण ओलिएटच आहे की. मिनरल तेलात सुद्धा हा उपद्रव असतो, फक्त तिथे आपण त्याला नाव देत नाही.

एक सावध राहायची गोष्ट. खवट तेलात हायड्रोपरॉक्साइड असतात. टीबीएचपी जो आपण इनिशिएटर म्हणून वापरतो तो पण हायड्रोपरॉक्साइडच. म्हणजे खवट तेलावर मेटाबायसल्फाइट पडलं की तुम्ही न टाकलेला इनिशिएटर आपोआप हजर. म्हणून परॉक्साइड व्हॅल्यू बघा असं वर म्हटलं.

इमल्सीफायर किती आणि कुठला? एचएलबीचं गणित जमत नाही.

गणित सोपं आहे. एचएलबी म्हणजे इमल्सीफायर पाण्याकडे किती झुकतो त्याचा आकडा. स्पॅन ८० चा एचएलबी ४.३, ट्वीन ८० चा १५. तुम्हाला ५.५ हवा असेल तर १०० भागांत ट्वीन साधारण ११ भाग आणि स्पॅन ८९. झालं. तेलात पाणी ठेवायचं तर एकूण आकडा ४ ते ६ च्या दरम्यान हवा.

पण एचएलबी बरोबर आला म्हणजे इमल्शन टिकलं असं नाही, इथेच पोरं फसतात. ट्रायग्लिसराइड हे पॅराफिनपेक्षा जास्त पोलर, त्याचं आणि स्पॅनच्या ओलेइक शेपटीचं जरा जास्तच जमतं आणि स्पॅन सीमेवर थांबण्याऐवजी तेलातच रमतो. म्हणून जी रेसिपी मिनरल तेलात दोन टक्क्यांत चालते ती इथे जास्त मागते, किंवा मग मघाशी सांगितलेला एरंडेलाचा पॉलिमरिक इमल्सीफायर थोडा मिसळावा लागतो.

एक फायदा मात्र फुकटात मिळतो. वनस्पती तेलाची घनता ०.९१-०.९२, हलक्या पॅराफिनची ०.८ च्या आसपास. पाण्याच्या थेंबाशी फरक कमी आणि तेल जाड, त्यामुळे थेंब खाली बसायला वेळ लागतो. ड्रमच्या वर तेलाचा थर कमी येतो.

पीएच कितीवर ठेवायचा?

अ‍ॅनायनिक माल असेल, म्हणजे अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड कॉस्टिकने न्यूट्रल करून घेतलेलं, तर सात-साडेसातच्या पुढे जाऊ नका आणि न्यूट्रलायझेशन तेलाला हात लावायच्या आधी, गार करत करत, पूर्ण संपवा. जास्तीचं कॉस्टिक राहिलं की तेलाचं साबण होतं, आजीच्या काळचा साबण असाच बनायचा, आणि साबण म्हणजे उलट्या स्वभावाचा इमल्सीफायर, तो तुमचं इमल्शन पलटवतो. मिनरल तेलात ही चूक खपून जायची. कॅटायनिक (धन भाराचा) माल ३ ते ५ पीएचला करतात, तिथे ही भीती नाही.

एक्झोथर्म खरंच एवढा असतो का, की तुम्ही घाबरवता?

हिशोब करू. अ‍ॅक्रिलामाइडची पॉलिमर होतानाची उष्णता साधारण ८२ किलोज्यूल प्रति मोल, मोलचं वजन ७१ ग्रॅम, म्हणजे किलोमागे सुमारे ११५० किलोज्यूल. एक टनाच्या बॅचमधे ३०० किलो मोनोमर धरा, झाले साडेतीन लाख किलोज्यूल. अशा इमल्शनला एक डिग्री चढवायला टनामागे साधारण ३००० लागतात. म्हणजे कूलिंग नसेल तर शंभर-सव्वाशे डिग्रीची चढ. आता मे महिन्यात नवी मुंबईत कूलिंग टॉवरचं पाणीच तिशीच्या पुढे असतं आणि वरून तेल जाड, आता सांगा घाबरवतोय का. म्हणून रिडक्टंट (जोडीतलं मेटाबायसल्फाइट) एकदम न ओतता पंपाने थेंब थेंब सोडायचं. लाइट गेली की तो पंप बंद पडलाच पाहिजे आणि स्टरर डिझेल जनरेटरवर चालूच राहिला पाहिजे. अनेक ठिकाणी हे नेमकं उलटं वायर केलेलं असतं!

नायट्रोजन किती वेळ?

मिनरल तेलापेक्षा जास्त. जाड तेलातून ऑक्सिजन हळू निघतो. आणि मोनोमरमधे तांबं असतं हे विसरू नका, अ‍ॅक्रिलामाइडचं पाणी साठवणीत आपोआप पॉलिमर होऊ नये म्हणून तांब्याचे आयन घातलेले असतात, ते ईडीटीएने बांधून टाकायचे.

अ‍ॅक्रिलामाइड म्हणजे तेच ना, वेफर्समधलं?

तेच. बटाटा १२० डिग्रीच्या वर तळला-भाजला की त्यातलं अ‍ॅस्पॅराजिन आणि साखर मिळून ते तयार होतं. हे कळलं त्याची गोष्ट भारी आहे. १९९७ साली स्वीडनमधे एका रेल्वे बोगद्यात पाणी गळत होतं म्हणून अ‍ॅक्रिलामाइड असलेलं ग्राउट (फटी बुजवायचं मिश्रण) मारलं, ते ओढ्यात उतरलं, मासे मेले, गायी लुळ्या पडल्या. मग कामगारांचं रक्त तपासलं, आणि तुलनेसाठी ज्यांचा बोगद्याशी काही संबंध नाही अशा लोकांचं पण तपासलं, तर त्यांच्या रक्तात सुद्धा खुणा सापडल्या. हे आलं कुठून म्हणून शोधत शोधत २००२ मधे ते बटाट्याच्या तळणापर्यंत पोचले.

पण वेफर्समधलं प्रमाण आणि आपला ५० टक्क्यांचा टँकर यांची तुलना करून हसण्यावारी नेऊ नका. मोनोमर कातडीतून आत जातं, नसांवर परिणाम करतं, हातपाय बधिर होतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ पासून त्याला २ए गटात, म्हणजे बहुधा कॅन्सर करणाऱ्यांत, टाकलंय. हातमोजे फाटलेले असतील तर बॅच थांबवा. पॉलिमर झाल्यावर तो धोका राहत नाही, उरलेल्या मोनोमरचा राहतो, म्हणून शेवटी थोडं मेटाबायसल्फाइट जास्त देऊन तो खाली आणायचा.

आमची पॉली पाण्यात टाकली की गाठी होतात, तेल बदलल्यामुळे का?

(हा ईटीपीवाल्यांचा लाडका प्रश्न, पॉली म्हणजे हेच इमल्शन.) बहुतेक वेळा नाही. इमल्शन पाण्यात पडल्यावर थेंब उलटून फुटले पाहिजेत, त्यासाठी त्यात शेवटी जास्त एचएलबीचा ब्रेकर घातलेला असतो. पाणी आधी, जोरात ढवळत, मग त्याच्या भोवऱ्यात इमल्शन. उलटं केलंत, म्हणजे इमल्शनमधे पाणी ओतलंत, तर गाठी होणारच. डोसिंग पंप पाण्याने धुऊन तसाच ओला ठेवला तरी आत जेल. पाव-अर्धा टक्क्याचं द्रावण करा आणि थोडा वेळ मुरू द्या.

वनस्पती तेलाचं इमल्शन गार पाण्यात जरा आळशीपणे उलटतं हे खरं आहे, ब्रेकर अर्धा-एक टक्का वाढवून बघावं लागतं. ब्रेकर म्हणून नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट घेऊ नका, ते पाण्यात गेल्यावर जे उरतं ते माशांना वाईट, फॅटी अल्कोहोलवाले घ्या. तेल हिरवं आणि ब्रेकर नोनिलफिनॉल असा माल मी बाजारात बघितलाय, लेबलवर पान काढलेलं.

जमिनीवर सांडलं तर पाणी मारू नका. भुसा किंवा वाळू टाका, फावड्याने उचला, मग धुवा. पाणी मारलंत तर बुळबुळीत होऊन कुणीतरी कंबर मोडून घेणार.

मग आम्ही ग्राहकाला बायोडिग्रेडेबल पॉलिमर म्हणून सांगू का?

नाही! कृपा करून नाही. तेल विघटन होतं, पॉलिमर नाही. पॉलीअ‍ॅक्रिलामाइडची पाठ कार्बन-कार्बनची आहे, ती पूर्वी मिनरल तेलात होती तेव्हा जितकी चिवट होती तितकीच आता आहे. तुम्ही मालाचा पाव हिस्सा सुधारलात, तेवढंच सांगा. मला यावरून सेल्सवाल्यांशी दोनदा भांडावं लागलंय आणि तिसऱ्यांदाही भांडेन. टीटीसीचं पाणी शेवटी ठाणे खाडीतच जातं, २०१५ ला तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ ला रामसरच्या (पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय) यादीत नाव आलं, ऐरोलीच्या पुलावरून जाताना ते गुलाबी पट्टे आपणच बघतो ना, मग थापा कशाला.

वनस्पती तेल आहे म्हणजे ऑइल अँड ग्रीसच्या टेस्टमधे येणार नाही ना?

येणार. टेस्टला तेल कुठल्या झाडाचं ते कळत नाही. नदी-नाल्यात सोडायची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, तेल शेंगदाण्याचं असो की पेट्रोलियमचं. लिटरला १० मिलिग्रॅम इमल्शन घातलंत तर अडीच-तीन मिलिग्रॅम तेल गेलं, त्यातलं बरंचसं गाळाबरोबर निघून जातं, म्हणून योग्य डोसला त्रास होत नाही. पण ऑपरेटरने नळ मोकळा सोडला तर मात्र होतो, आणि वनस्पती तेल जंतू आवडीने खातात म्हणजे ऑक्सिजन पण खातात, बीओडी वाढतो. जार टेस्ट (छोट्या भांड्यांत वेगवेगळे डोस घालून बघणं) करून डोस ठरवा, अंदाजाने नाही.

साठवण?

सावलीत, झाकण घट्ट, सहा महिन्यांत संपवा, वापरायच्या आधी ड्रम ढवळा. खवट वास आला तर तो लॉट बाजूला. आणि तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात ठेवू नका, जास्त आयोडिन व्हॅल्यूची तेलं हवेत आपोआप तापतात, जवसाच्या चिंध्या पेटतात हे सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. फ्लॅश पॉइंट ३०० म्हणून निर्धास्त झालेल्यांसाठी खास हे लिहिलंय.

सर, बीएस्सीच्या प्रोजेक्टला हे करता येईल का?

अ‍ॅक्रिलामाइड घेऊन नाही, कॉलेजच्या लॅबमधे अजिबात नाही. पण यातला अर्धा भाग मोनोमरशिवाय शिकता येतो. पाण्यात मीठ आणि खायचा रंग घाला, शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, खोबरेल आणि एक हलकं मिनरल तेल घ्या, प्रत्येकात तेवढाच स्पॅन ८० टाका, मिक्सरवर सारखाच वेळ फिरवा आणि १०० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरमधे ठेवून द्या. तेलात पाणी झालंय की पाण्यात तेल हे बघायला एक थेंब पाण्यात सोडा, पसरला नाही तर बरोबर आहे. मग रोज एकाच वेळी वर किती मिली तेल सुटलं ते वहीत लिहा, पंधरा दिवस, आणि खोलीचं तापमान पण लिहा, नाहीतर खोबरेलाने काय केलं ते कळणार नाही.